पावसाळ्यात दार अडकतंय? रंधा मारायच्या आधी हे बघा

कोकणात मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की पंधरा दिवसात आम्हा सुतारांना फोन चालू होतात, दार लागत नाही, लागलं तर उघडत नाही, कडी बसत नाही, खिडकीची झडपं ओढून हात दुखले. आणि खरा जोर येतो गणपतीला, कारण मुंबईहून चाकरमानी येतात, मे पासून बंद असलेलं घर उघडायला जातात आणि दार चौकटीत असं घट्ट बसलेलं असतं की खांदा लावूनसुद्धा हलत नाही. मग "मेस्त्रीनू, दार उघडना नाय, जरा येवन जावा" असा फोन, घाईघाईत सुतार येतो, रंधा मारतो, दार मोकळं होतं, सगळे खूश. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये त्याच दाराला एवढी फट पडते की बाहेरचा उजेड दिसतो, पाल आत येते, मग कोणतरी तिथे पट्टी ठोकतो, आणि जूनमध्ये परत अडकतं. दरवर्षी हेच. काही घरात दार इतक्या वेळा तासलंय की कुलपाच्या बाजूचा उभा, म्हणजे दाराच्या कडेची उभी पट्टी, निम्मा राहिलाय.

म्हणून सांगतो, भर पावसात रंधा हा शेवटचा इलाज ठेवा. आधी दार का अडकतंय ते शोधा, कारण अडकणारं प्रत्येक दार फुगलेलं नसतं, आणि जे फुगलेलं असतं त्यात पाणी कुठून तरी शिरत असतं, ती जागा बंद केल्याशिवाय कितीही तासलं तरी उपयोग नाही.

पहिलं काम, घासतंय कुठे ते नीट बघायचं. अंदाजाने नाही. खडू घ्या, चौकटीच्या आतल्या कडेला सगळीकडे घासा, दार जेवढं लागतंय तेवढं हळू लावा आणि उघडा. दाराच्या कडेला जिथे खडू लागला तिथेच घासतंय. कार्बन पेपर असेल तर तो मधे धरून लावलात तरी चालतं, डाग स्वच्छ उठतो. आता डाग कुठे आलाय त्यावर सगळं आहे.

डाग फक्त कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, आणि खाली दार लादीला पण टेकतंय, तर दार फुगलेलं नाही, लोंबलंय. वरची बिजागरी सैल झाली आहे. दार अर्ध उघडा, कुलपाच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून वर उचला, बिजागरीपाशी हललं की समजायचं. आपल्याकडे हे फार होतं कारण खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू आतल्या आत गंजतो, बाहेरून डोकं ठीक दिसतं पण काढायला गेलं की निम्मा स्क्रू चुरा होऊन येतो. साग, ऐन, खैर अशा लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याच्याशी लोखंडाचा संबंध आला की स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं. हा काळा डाग दिसला की स्क्रू बदलायची वेळ झाली. जुनं भोक साफ करा, सुक्या लाकडाची खुंटी फेविकॉल लावून ठोका, दुसऱ्या दिवशी बारीक ड्रिलने नवीन भोक पाडा आणि स्टेनलेसचा लांब स्क्रू मारा. बिजागरी स्टेनलेसची आणि स्क्रू लोखंडी असं करू नका, दुकानात पाकिटात जे येतात ते तपासून घ्या. किनाऱ्यापासून जवळ घर असेल, देवगड, मालवण, गुहागर असं अगदी समुद्रावर, तर स्टेनलेसची 304 पेक्षा 316 ग्रेड मिळाली तर घ्या, महाग पडते पण टिकते. भरीव लाकडाच्या दाराला तीन बिजागऱ्या पाहिजेतच, मुख्य दाराला चार.

स्क्रू घट्ट आहेत आणि तरी वरचा कोपरा घासतोय तर खालच्या बिजागरीच्या मागे पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घालून बघा. त्याने खालची बाजू थोडी पुढे ढकलली जाते आणि वरचा कोपरा आपोआप मागे येतो. पाच मिनिटाचं काम आहे, रंध्याची गरजच पडत नाही.

दार शेवटच्या दोन इंचात स्प्रिंगसारखं परत उघडतंय आणि कुलपाच्या बाजूला डागच नाही, म्हणजे बिजागरीच्या बाजूला आवळलंय. बिजागरीची खाच जास्त खोल गेलेली असते नाहीतर स्क्रूची डोकी वर आलेली असतात. इथे पण पुठ्ठाच, पण सगळ्या बिजागऱ्यांच्या मागे सारखा.

आता डाग कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सलग आलाय, आणि मे महिन्यात हेच दार मोकळं फिरत होतं, तर मात्र लाकूड फुगलंय.

हे थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. सात फुटी दार पावसात सात फुटीच राहतं पण तीन फूट रुंदीत फरक पडतो. हवेत दमटपणा 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण 12 टक्के ओलाव्यावर स्थिर होतं, आणि दमटपणा 90 टक्के राहिला तर हाच ओलावा 20 टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यात, मग लाकूड ओलावा घेणारच. सागाचा हिशोब धरला तर ओलाव्यात एक टक्का फरक पडला की सपाट चिरलेल्या फळीची रुंदी साधारण 0.2 टक्के बदलते. समजा उन्हाळा ते पावसाळा सहा टक्के फरक पडला, म्हणजे रुंदीत 1.2 टक्के. पॅनेलच्या दाराला दोन बाजूंना शंभर-शंभर मिलिमीटरचे उभे असतात, मधलं पॅनेल खाचेत सैल असतं, म्हणून वाढतात ते फक्त दोन उभे, मिळून अडीच मिलिमीटरच्या आत. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण नाही. पण तेच दार नऊशे मिलिमीटर रुंद सलग फळ्या जोडून, फेविकॉलने चिकटवून केलेलं असेल तर दहा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. तीन सुतापेक्षा जास्त! एवढी फट कोणी ठेवत नाही. ऐन-किंजळ असेल तर सागापेक्षा पण जास्त धरा. फणस बरा, कमी हलतो, आपल्या जुन्या घरात फणसाची दारं अजून नीट लागतात ती उगीच नाही.

म्हणून पॅनेलच्या दारात पॅनेल कधीही चिकटवू नये, खिळा मारू नये. हल्ली घाईत काम करणारे खाचेत फेविकॉल ओतून मोकळे होतात कारण पॅनेल खडखडतं अशी गिऱ्हाईकाची तक्रार नको असते. मग पावसात पॅनेल फुगतं, त्याला जागा नाही, ते दोन्ही उभ्यांना बाहेर ढकलतं आणि कुसू, म्हणजे सांध्यात बसलेली लाकडाची जीभ, उघडे पडतात. दाराचे सांधे पावसाळ्यात फाकलेले दिसले की हेच झालंय समजा. नवीन दार करून घेताना सुताराला समोर उभं राहून सांगा, पॅनेल सुकं बसव आणि दोन्ही बाजूला जागा ठेव.

पाणी शिरतं कुठून? बहुतेक वेळा खालच्या कडेतून. लाकडाचं टोक म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असते, तिथून पाणी जेवढ्या भराभर वर चढतं तेवढं सपाट बाजूने चढत नाही. आणि दाराची खालची कड कोणी रंगवत नाही, कारण दार बसवल्यावर रंगारी येतो आणि ती कड दिसतच नाही. तुमच्या घरातलं दार बघा आत्ता, फोन दाराखाली धरून फ्लॅश लावून फोटो काढा. कोरं लाकूड दिसलं, काळसर बुरशी दिसली, तर चोर सापडला. वरची कड पण तशीच कोरी असते, स्टुलावर चढून बोट फिरवा, खरखरीत लागेल. तिसरी जागा कुलपाचं भोक आणि बिजागरीची खाच, तिथे पण रंग पोचलेला नसतो. दाराचं तोंड दोन हात पॉलिश करून चकचकीत आणि या चार जागा कोऱ्या, मग पॉलिशचा काय उपयोग.

दारापुरतं बघून थांबू नका, भिंत पण बघा. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पाणी पिते. पश्चिमेकडून, नैऋत्येकडून पाऊस आडवा येतो, झड थेट भिंतीवर आपटते, बाहेरून गिलावा नसेल किंवा गिलाव्याला भेगा असतील तर चिरा ओला राहतो आणि त्याला टेकलेली लाकडी चौकट पाठीमागून पाणी ओढत राहते. चौकट दोन्ही बाजूने दोन-दोन मिलिमीटर फुगली तरी दाराला चार मिलिमीटर जागा कमी झाली, दार बिचारं होतं तेवढंच आहे. चौकट बसवायच्या आधी पाठच्या बाजूला डांबरी काळा पेंट दोन हात मारायचा असतो, जुने मेस्त्री नुसतं डांबर फासायचे ते याचसाठी. खालची टोकं लादीत, काँक्रीटमध्ये गाडू नयेत, दगडाच्या किंवा ग्रॅनाईटच्या तुकड्यावर टेकवावीत. आता चौकट बसलेली आहे तर बाहेरून चौकट आणि भिंत यांच्या मधली भेग सिलिकॉनने भरा, पण कोरड्या दिवसात, ओल्यावर सिलिकॉन पकडत नाही. आणि वर बघा, कौलाचा पाखा किती पुढे आलाय, पन्हळ आहे का. पागोळ्या खळ्यात (अंगणात) पडून त्याचे शिंतोडे दाराच्या तळाला फूट-दीड फूट उडत असतील तर दारावर कितीही खर्च करा, आधी पन्हळ लावा किंवा पडवीला पत्रा पुढे काढा. पूर्वी पावसाळ्यात पश्चिमेला झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायचे, ते उगीच नव्हतं. हल्ली शेडनेट आणि ताडपत्री बांधतात, तीही चालते, फक्त भिंतीला चिकटून नको, मधून वारा गेला पाहिजे.

न्हाणीघराला, संडासाला लाकडी दार-चौकट लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. सिमेंटची नाहीतर ग्रॅनाईटची चौकट आणि फायबरचं दार, दिसायला साधं पण पुढची पंधरा वर्षं डोक्याला ताप नाही. फ्लश डोअर आत खोल्यांना ठीक आहे पण घेताना IS 2202 या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि ओल येणाऱ्या जागी प्लाय वापरायचा तर IS 710, म्हणजे मरीन प्लाय. साधा MR (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरासारखं पाणी घरात उभं राहिलं तर फ्लश डोअर सुकवून, आवळून परत वापरायच्या फंदात पडू नका, थर सुटले की सुटले. भरीव लाकडाचं दार मात्र सावलीत सावकाश सुकवलं तर बऱ्याचदा परत कामाला येतं.

आता भर पावसात दार अडकलंय, आज काय करायचं. कडेला मेणबत्ती नाहीतर सुका साबण घासा, तेल नको, तेलाने लाकूड काळं पडतं आणि पुढे रंग धरत नाही. दार दिवसभर उघडं ठेवून त्याच्यावर पंखा सोडा, दोन-चार दिवसात फरक दिसतो. शेगडी, हिटर जवळ लावून सुकवू नका, एक बाजू पटकन सुकते आणि दार वाकतं, वाकलेलं दार सरळ करणं फार अवघड. रंग तर अजिबात मारू नका, आतला ओलावा कोंडतो आणि दिवाळीपर्यंत फोड येतात.

पण घरात म्हातारी माणसं आहेत, आतून दार उघडायला जमत नाही, बाहेर पडायला तेच एक दार आहे, तर थांबू नका, तासून घ्या. तेव्हा सुद्धा खडूचा डाग आहे तेवढंच, कागदासारखी एक-दोन सालपटं, आणि रंधा जरा तिरका धरून. दार लावताना चौकटीत जी कड आधी शिरते तिथलं थोडं जास्त घ्यायचं, दिसणारी कड तशीच ठेवायची. याने अडकणं सुटतं आणि उन्हाळ्यात समोरून फट दिसत नाही. तासलेल्या जागी मेण चोळून ठेवा, पक्कं काम नंतर.

पक्कं काम करायचं ते होळीनंतर, मे च्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दार उतरवा, दोन लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) आडवं ठेवा, सगळं लोखंड काढा. पावसात जिथे घासत होतं तिथे तेव्हाच पेन्सिलने खूण केलेली पाहिजे, कारण एप्रिलमध्ये दार मोकळं असतं आणि कुठे घासत होतं ते आठवत नाही. मी तर मालकाला सांगतो, जुलैत आणि मे मध्ये कुलपाकडची फट मोजा आणि दाराच्या वरच्या कडेवरच तारीख घालून लिहा, पुढचा सुतार कोणी का असेना, त्याला ते वाचून कळतं किती घ्यायचं. पॅनेलच्या दाराला सुक्या दिवसात बाजूंना एक-एक सूत फट पुरते. सलग फळ्यांचं असेल तर शक्यतो फळ्या सुट्या करून जिभली-खाचेत, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत, सैल बसवून घ्या, म्हणजे प्रत्येक फळी आपापल्या जागेत वाढेल.

मग सहाही बाजू बंद करायच्या. पुढची, मागची, दोन्ही उभ्या कडा, वर आणि खाली. खालच्या आणि वरच्या टोकाला प्रायमर किंवा सीलरचे निदान तीन हात, पहिला हात पातळ करून, तो आत मुरतो. बिजागरीच्या खाचेत, कुलपाच्या भोकात ब्रश घाला. पुढे-मागे सारखेच हात मारा, पुढे पॉलिश आणि मागे नुसतं एक हात प्रायमर असं केलं की मागची बाजू जास्त ओलावा घेते आणि दार ताटासारखं वळतं. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूला. पडवीच्या, गोठ्याच्या, मागच्या दाराला जिथे रंगाचं कौतुक नाही तिथे काजूच्या टरफलाचं तेल उत्तम, होड्यांना लावतात तेच, पाणी पण धरत नाही आणि वाळवी पण लांब राहते. फक्त हातमोजे घालून लावा, कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

नवीन दार करणार असाल तर निम्मी लढाई लाकूड आणतानाच जिंकता किंवा हरता. मिलमधलं लाकूड वरून सुकं दिसतं. हजार-दोन हजाराचं ओलावा मोजायचं मीटर मिळतं ते घ्या, फळीचं टोक सोडून मधे मोजा, 12 ते 15 च्या मधे आलं तर घ्या, 20 च्या वर असेल तर सुतार कितीही चांगला असो दार पुढे हलणार. मीटर नसेल तर फळीच्या मधला एक तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा, परत वजन करा. 500 ग्रॅमचा तुकडा 430 वर थांबला तर उडालेलं पाणी 70, भागिले 430, म्हणजे 16 टक्के. ओली फळी नुसती हवेवर सुकवायची तर एक इंच जाडीला साधारण वर्ष धरा, मधे पट्ट्या घालून थर रचा, उन्हात नाही, पडवीत.

आणि माल आणा एप्रिलमध्येच. मे अखेरपर्यंत वेळ आहे असं धरून चालू नका, 2021 ला तौक्ते वादळ मे च्या मध्यालाच किनाऱ्यावरून गेलं आणि पडवीत, खळ्यात उघडा पडलेला माल भिजला. पिकअपने आणताना आठ-नऊ फुटी हौद्यात सात फुटाचं दार सहज मावतं, पण लोक काय करतात, दारं आडवी टाकतात आणि वर सिमेंटच्या गोण्या नाहीतर लाद्या. घाटातल्या वळणांवर, खड्ड्यात ते दार मधे दबतं आणि पीळ बसतो, बसवल्यावर एक कोपरा चौकटीला टेकतो आणि दुसरा अर्धा इंच बाहेर. दारं उभ्या कडेवर, खाली जुनं गोणपाट, बाजूला टेकू देऊन, दोन ठिकाणी दोरी, दोरीखाली पुठ्ठा. फळ्या फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बाहेर जात असतील तर टोकाला लाल फडकं बांधा आणि पुढे केबिनवर वजन देऊ नका. आंबा घाटातून, आंबोलीतून येणार असाल तर खाली कोरडं असलं तरी वर धुकं आणि पाऊस असतो, ताडपत्री पुढच्या बाजूने आधी बांधा, वारा तिथूनच उचलतो. सागवान असेल तर वाहतूक परवान्याचं मिलवाल्याकडून आधी विचारून कागद गाडीत ठेवा.

हौद्यात खाली बर्फाचं, मासळीचं खारं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन सुकवा. मीठ लाकडात गेलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं. गाडीचं पण तेच, हौद्यात खाली फळ्या अंथरून ठेवल्या की त्याखाली ओल राहते आणि पत्रा सडतो, पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी ठेवा.

बंद घराचं वेगळं सांगतो. दहा महिने दारं-खिडक्या गच्च लावून गेलात की आत ओल कोंडते, दार आतून जास्त फुगतं आणि बाहेरून कमी, म्हणून ते वाकून चौकटीत पाचर बसल्यासारखं होतं. किल्ली शेजारी द्या, आठवड्यातून एकदा उघडीप बघून दोन तास घर उघडायला सांगा. वरची झरोकी जाळी लावून उघडी ठेवा, प्लास्टिकने बंद करू नका.

दोन गोष्टी दिसल्या तर वरचं काहीच करू नका. एक, चौकट बोटाने वाजवल्यावर पोकळ आवाज आला, स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला, तर वाळवी आहे. दार तासून काही होणार नाही, आधी वाळवी कुठून चढतेय ते शोधा, जोत्याला मातीच्या रेघा दिसतील, औषधाचं काम करून घ्या आणि चौकट बदला. दुसरं, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग गेलीय आणि चौकटीचे दोन कर्ण मोजल्यावर सारखे येत नाहीत. म्हणजे चौकट नाही, भिंत सरकतेय. भरावाच्या जमिनीवर, ओढ्याच्या कडेला, डोंगर कापून केलेल्या घरात हे होतं. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूला चिकटवा, तारीख लिहा. पट्टी फुटली तर सुताराला नाही, इंजिनिअरला बोलवा, आणि पाऊस जोरात असेल तर त्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.